रस्त्याचे देणे

आपल्या शास्त्रकारांनी मनुष्याच्या माथी तीन ऋणे लिहून ठेवली आहेत : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. पहिले यज्ञाने फेडावे, दुसरे अध्ययनाने आणि तिसरे संततीने, अशी व्यवस्थाही त्यांनीच लावून दिली. रस्त्याच्या ऋणाचा मात्र या यादीत कोठे उल्लेख नाही. वास्तविक लेकीला सासरी पोहोचविणारा, आजाऱ्याला इस्पितळात नेणारा, बागेतील संत्री बाजारपेठेत उतरविणारा आणि अखेरच्या प्रवासालाही सोबत करणारा असा हा मूक सेवक आहे. त्याचे देणे आपण कधी मोजले नाही, कारण ते आपल्या नकळत फिटत होते. आता ते तसे फिटेनासे होण्याची चिन्हे दिसू लागली आहेत. म्हणून, वाचकहो, या महिन्यात थोडा हिशेब मांडावयाचा आहे.

निमित्त आहे ते विजेवर चालणाऱ्या वाहनांचे. आमचे सौंसर हे काही मोठे शहर नव्हे. संत्री आणि कापूस यांवर जगणारा हा मुलूख. ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात आणि तेव्हापासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडणारा. परंतु येथील रस्त्यांवरूनही आता आवाज न करणाऱ्या स्कूटरी धावू लागल्या आहेत आणि बॅटरीवरच्या रिक्षाही दिसू लागल्या आहेत. आमच्या शाळेतील एका शिक्षिकाबाईंनी अशी एक स्कूटर घेतली. "पेट्रोलचे पैसे वाचतात, त्यांत धाकट्याची शिकवणी भागते," असे त्या समाधानाने सांगत होत्या. तेव्हा मोटारसायकलवरून येणारे आमचे एक सहकारी म्हणाले, "बाई, रस्ता आपण दोघेही सारखाच झिजवतो, पण त्याचे पैसे मात्र मी एकटा भरतो!" शिक्षककक्षात हशा पिकला. बाईही हसल्या. परंतु त्या विनोदाच्या पोटात जो प्रश्न दडलेला आहे तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज ना उद्या तो साऱ्या देशापुढे येणार आहे, आणि काही देशांपुढे तो येऊनही ठेपला आहे.

रस्त्याचे पैसे आजवर कोण देत आला, हे आधी पाहिले पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'वर्तनी' नावाचा एक कर आहे. वर्तनी म्हणजे वाट. त्यावरून वाटेचा कर. सरहद्दीवरील अंतपाल नावाच्या अधिकाऱ्याने मालाच्या गाडीमागे सव्वा पण, एका खुराच्या जनावरामागे एक पण, गुरामागे अर्धा पण, लहान जनावरामागे पाव पण आणि खांद्यावरून ओझे नेणाऱ्याकडून केवळ एक माष घ्यावा, असा दर तेथे सांगितला आहे. म्हणजे ओझे जसे उतरत जाईल तसा कर उतरत जातो. परंतु मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची आज्ञा. वाटेत व्यापाऱ्याचे जे हरवेल किंवा चोरीस जाईल, त्याची भरपाई त्याच अंतपालाने करावयाची आहे. पैसा घेतला की जबाबदारीही आली! कर आणि कर्तव्य यांची अशी गाठ दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात घातलेली पाहून आजच्या वाटसरूला थोडे नवलच वाटेल.

मोटारी आल्या आणि दगड-मुरमाचे रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडू लागले, तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९२७ साली भारत सरकारने रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले आणि ज्यांचे नाव तेथील ग्रंथालयाला आहे, तेच हे जयकर. कायदा, राजकारण आणि विद्या या तिन्ही क्षेत्रांत वावरलेल्या या मराठी माणसाने देशाच्या रस्त्यांचीही चिंता वाहिली होती, हे आपल्या लोकांना फारसे ठाऊक नाही. रस्ते हे आता स्थानिक मंडळांच्या आवाक्याबाहेरचे काम झाले आहे आणि त्यांसाठी पेट्रोलवर जादा कर बसवून स्वतंत्र निधी उभारावा, अशी शिफारस या समितीने १९२८ साली केली. त्याप्रमाणे १९२९ पासून गॅलनमागे दोन आण्यांची वाढ झाली आणि केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतींचे मुख्य अभियंते आमच्या शेजारच्या नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्तेयोजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग आणि ग्रामीण रस्ते ही आज आपल्या बोलण्यात रुळलेली वर्गवारी त्या 'नागपूर योजने'चीच देणगी आहे.

पेट्रोलवरील कराचे एक मोठे शहाणपण होते. जो अधिक फिरेल तो अधिक पेट्रोल जाळील, आणि ज्याचे वाहन जड असेल त्यालाही ते अधिक लागेल. त्यासाठी ना कोणी नाक्यावर अडवावयाचे, ना कोणी वही तपासावयाची. चाक फिरले की देणे फिटले. तो हिशेब तंतोतंत नसला तरी न्यायाच्या पुष्कळ जवळ जाणारा होता. १९९८-९९ मध्ये पेट्रोल आणि डिझेल यांवर लिटरमागे एकेक रुपया रस्त्यांसाठी घेण्यास प्रारंभ झाला, आणि २००० साली केंद्रीय रस्ते निधीचा स्वतंत्र कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे डिझेलवरील उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांसाठी राखून ठेवलेला होता. त्याच वर्षी, २५ डिसेंबर रोजी, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. पावसाळ्यात ज्या वाटेवर बैलगाडी आसापर्यंत रुतत असे, त्या वाटेवरून आज सायकलवर बसून मुली शाळेत येतात, त्यामागे कोणा अनोळखी ट्रकवाल्याच्या डिझेलचे पैसे आहेत.

विजेचे वाहन नेमके या व्यवस्थेच्या बाहेर पडते. ते पेट्रोल पीत नाही, म्हणून पेट्रोलवरचा करही देत नाही. विजेवर शुल्क असते हे खरे. परंतु ते दिवा लावणाऱ्यालाही लागते, रस्त्याशी त्याचा संबंध नाही. त्यावर सवलतीही आहेत. अशा वाहनांवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ मध्ये बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने त्यांचे नोंदणीशुल्क माफ केले. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात त्यांना मोटारवाहन करातून सूट दिली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग या तिन्ही ठिकाणी विजेच्या मोटारी आणि बसगाड्या यांना पथकरातूनही मुक्त करण्याचे ठरविले. तीस लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर बसविण्याचा एक प्रस्ताव त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात होता. तोही मार्च महिन्यातच मागे घेतला गेला.

या सवलती देण्यामागचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. शहरांतील हवा श्वास घेण्याजोगी राहावी, परदेशातून येणाऱ्या तेलावरचा खर्च कमी व्हावा आणि नव्या वस्तूचे लोकांना भय वाटू नये, यासाठी आरंभी काही काळ हात देणे योग्यच होते. लहान रोपाला कुंपण घालावेच लागते. परंतु झाड मोठे झाल्यावरही कुंपण तसेच ठेवले, तर शेजारच्या रोपांचे पाणी कोणीतरी तोडीत असते, हेही पाहावे लागते. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात देशात सर्व प्रकारची मिळून वीस लाखांच्या घरात विजेची वाहने विकली गेली. त्यांत निम्म्याहून अधिक दुचाक्या, त्याखालोखाल तीनचाकी आणि मोटारी लाखाच्या थोड्या वर. रोप आता गुडघ्याएवढे झाले आहे.

मग कोणाचे पाणी तुटते आहे? आमच्याकडच्या एखाद्या लहान शेतकऱ्याचा हिशेब करू. तो जुन्या मोटारसायकलवरून शेत, बाजार आणि तहसील असा रोज वीस किलोमीटर फिरतो असे समजा. वर्षाचे सुमारे सात हजार किलोमीटर झाले. लिटरला पन्नास किलोमीटर धरले तर एकशे चाळीस लिटर पेट्रोल लागले. मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२१ मध्ये कर घटविल्यानंतरही पेट्रोलवर एकोणतीस टक्के मूल्यवर्धित कर, त्यावर लिटरमागे अडीच रुपये आणि एक टक्का उपकर राहिला. केंद्राचे उत्पादनशुल्क वेगळे. सारे मिळून लिटरमागे चाळीसच रुपये धरले, तरी हा शेतकरी वर्षाला पाच हजार सहाशे रुपये कर भरतो. हा सगळाच पैसा रस्त्यावर खर्च होतो असे नाही. पण तो त्याच्या खिशातून जातो हे निश्चित. शिवाय त्याचा ट्रॅक्टर शेतात नांगर ओढतो, त्या डिझेलवरही रस्त्याचा उपकर लागतोच. नांगराच्या तासाने कोणता डांबरी रस्ता झिजतो? आणि त्याच वेळी वीस-पंचवीस लाखांची विजेची मोटार समृद्धी मार्गावरून निघाली, तर तिला ना पेट्रोलचा कर, ना पथकर. ज्याचे चाक हलके त्याच्यावर ओझे जड आणि ज्याचे चाक जड तो मोकळा, असा हा उफराटा न्याय होऊ पाहत आहे. माझी चिंता आहे ती एवढ्याचसाठी.

ट्रॅक्टरचा हा प्रश्न न्यूझीलंड या दूरच्या बेटाने फार पूर्वी सोडविला, हे सांगितले तर गंमत वाटेल. तेथील डिझेलचा मोठा भाग शेतीत आणि रस्त्याबाहेरच्या कामांत जळतो, म्हणून त्यांनी डिझेलवर रस्त्याचा कर घेतलाच नाही. त्याऐवजी १९७८ पासून डिझेलच्या वाहनांना धावलेल्या अंतरावर आणि वजनावर आकार द्यावा लागतो. तेथील विजेच्या हलक्या वाहनांना २००९ पासून या आकारातून सूट होती. ती ३१ मार्च २०२४ रोजी संपली, आणि दुसऱ्या दिवसापासून दर हजार किलोमीटरला शहात्तर डॉलर असा आकार सुरू झाला. आपल्या पैशात तो किलोमीटरमागे चार रुपयांच्या आत-बाहेर पडतो. आइसलँडनेही जानेवारी २०२४ पासून विजेच्या मोटारींना किलोमीटरमागे सहा क्रोना आकारण्यास प्रारंभ केला. एप्रिल २०२८ पासून मैलामागे तीन पेन्स घेण्याची घोषणा ब्रिटनने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने मात्र घाई केली. त्याने जुलै २०२१ पासून किलोमीटरमागे अडीच सेंट घेणे सुरू केले. दोन वाहनधारक न्यायालयात गेले आणि तेथील सर्वोच्च पीठाने ऑक्टोबर २०२३ मध्ये तो कायदा रद्द ठरविला. असा कर घेण्याचा अधिकार राज्याचा नसून संघसरकारचा आहे, असा तो निर्णय होता. सात न्यायमूर्तींपैकी चौघे एका बाजूला आणि तिघे दुसऱ्या बाजूला होते, यावरून प्रश्न किती नाजूक आहे हे ध्यानी यावे.

आपल्याकडे अशी आकारणी कधी काळी आली, तर ती कशी असावी? माझ्या मते तिचे पहिले तत्त्व वजन हे असावे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून निरनिराळ्या वजनांचे ट्रक फिरवून रस्ता कसा झिजतो हे पाहण्यात आले. त्यातून निघालेला नियम असा, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुप्पट न होता सुमारे सोळापट होते. आणि भार दहापट झाला तर ती दहा हजारपटीच्या घरात जाते. गणित शिकविणारे शिक्षक मुलांना चौथा घात शिकविताना हे उदाहरण जरूर देऊ शकतील. याचा अर्थ असा, की शिक्षिकाबाईंची स्कूटर रस्त्याचे जवळजवळ काहीच बिघडवीत नाही. आमच्या सहकाऱ्याची मोटारसायकलही नाही. रस्ता फोडतात ते वाजवीपेक्षा अधिक भरलेले ट्रक. तेव्हा विजेच्या दुचाकीला आणि रिक्षाला कायमचे मोकळे ठेवावे. रिक्षावाल्याच्या रोजच्या कमाईत हात घालू नये. मोटारीला तिच्या वजनाप्रमाणे माफक आकार असावा, कारण बॅटरीमुळे ती त्याच जातीच्या पेट्रोलच्या मोटारीहून दोन-तीनशे किलोंनी जड असते. आणि उद्या विजेवरचे ट्रक मोठ्या संख्येने आले, तर त्यांना खरा हिशेब लागू व्हावा. खांद्यावर ओझे नेणाऱ्याकडून एक माष आणि गाडीकडून सव्वा पण, हे जुने तारतम्य येथे उपयोगी पडेल.

दुसरे तत्त्व घराच्या उंबरठ्याचे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने पथकराच्या नियमांत दुरुस्ती करून उपग्रहाच्या साहाय्याने अंतर मोजून आकारणी करण्याची वाट मोकळी केली. महामार्गापुरते ते ठीक आहे. परंतु गावातल्या प्रत्येक गल्लीत गाडी कोठे गेली, कोणाच्या दारी किती वेळ थांबली, सून माहेरी गेली की बाजारात, याची नोंद सरकारदप्तरी असावी असे कोणत्या घराला वाटेल? विम्याचे नूतनीकरण वेळोवेळी करावेच लागते. त्या वेळी गाडीच्या मीटरवरचा आकडा लिहून घेतला, तर मधल्या काळातले अंतर कळते आणि वाट मात्र खाजगी राहते. साधा उपाय अनेकदा पुरेसा असतो.

तिसरा मुद्दा आम्हा सीमेवरच्या लोकांचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पण आमचा रस्ता सावनेरवरून नागपूरला जावयाचा थांबला नाही. मोठे इस्पितळ, महाविद्यालय, लग्नाचा बस्ता आणि संत्र्यांची मंडी या साऱ्यांसाठी पावले तिकडेच वळतात. पेट्रोलचा कर निदान जेथे पेट्रोल भरले त्या राज्याला मिळतो. छिंदवाड्याच्या एम. पी. २८ या क्रमांकाची गाडी वर्षाचे निम्मे अंतर महाराष्ट्रात धावली, तर तिच्या अंतराचा आकार कोणत्या राज्याने घ्यावा? आपल्या राज्यघटनेत वाहनांवरील कर हा राज्यांचा विषय आहे, आणि आपापल्या परीने प्रत्येकाने कर बसविला तर एकाच रस्त्यासाठी दोनदा पैसे मोजण्याची वेळ सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसावर प्रथम येईल. व्हिक्टोरियाची फजिती आपण पाहिली आहे. म्हणून केंद्र आणि राज्ये यांनी आधी एकत्र बसून वाटणी ठरवावी आणि मगच नागरिकाकडे हात पसरावा.

आणि शेवटचे तत्त्व अंतपालाचे. २०१८ साली केंद्रीय रस्ते निधीचे नाव 'केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी' असे झाले, आणि रस्त्याच्या नावाने गोळा होणारा पैसा इतर कामांकडेही वळविता येऊ लागला. ती कामेही समाजाची असतील. पण 'हा पैसा कशाचा?' या प्रश्नाचे उत्तर धूसर झाले की देणाऱ्याचा हात आखडतो. महाराष्ट्रात जून २०१५ मध्ये बारा पथकर नाके बंद झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर लहान मोटारींचा पथकर माफ झाला. लोकांचा राग पैसे देण्यावर कमी आणि पैसे देऊनही खड्डे चुकवावे लागण्यावर अधिक असतो, हे त्यामागचे मर्म आहे. नवा आकार घ्यावयाचा असेल, तर त्यातून कोणता रस्ता किती लांब दुरुस्त झाला याचा फलक प्रत्येक तालुक्यात लागावा, आणि रस्ता ठराविक मुदतीत नीट झाला नाही तर आकार थांबावा. घेणाऱ्यालाही बंधन असले की देणाऱ्याला ते देणे जुलूम वाटत नाही.

विजेची गाडी घेऊ पाहणाऱ्या वाचकांनी हे वाचून बिचकू नये. ती अवश्य घ्यावी. घरचा पैसा आणि गावची हवा, दोन्ही वाचतील. फक्त आज मिळणारी सूट ही कायमची मिरास आहे असे धरून संसाराचा आराखडा आखू नये, आणि उद्या योग्य दराने रस्त्याचे देणे मागितले गेले तर त्यास अन्याय म्हणू नये. ज्या दिवशी ते मागितले जाईल त्या दिवशी दोनच गोष्टी विचाराव्यात : माझ्या चाकाचे वजन मोजलेत का, आणि माझ्या वाटेवरचा खड्डा केव्हा बुजवणार? या दोन्हींचे सरळ उत्तर मिळाले, तर पैसे मोजून द्यावेत. कारण तुमच्या वाट्याचे तुम्ही दिले नाहीत, तरी ते कोणीतरी देतच असतो. आणि बहुधा तो तुमच्याहून गरीब असतो.